नगर परिषदेची नोटीस : मुदत गेली की हक्क गेला

लहान शहरातील व्यापाऱ्याला दिल्ली-मुंबईच्या बातम्या तोंडपाठ असतात. अर्थसंकल्पात कशावरचा कर वाढला, डॉलर कितीवर गेला, याची चर्चा चहाच्या ठेल्यावर रोज होते. पण ज्या कार्यालयाच्या कागदावर आपले दुकान, गाळा किंवा हातठेला उभा आहे, त्या नगर परिषदेने गेल्या महिन्यात काय ठरवले, हे विचारले तर दहापैकी नऊ जण गप्प बसतात. सूचना फलकावर कागद लागतो, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी छापून येतात आणि मुदत निघून जाते. पुढे वाढीव कराचे बिल हाती पडते किंवा अतिक्रमण हटाव पथक दारात येते, तेव्हा धावपळ सुरू होते. गोंदिया जिल्ह्यातील आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी या आठवड्यात हाच विषय घेतला आहे.

प्रशासकाचा काळ संपला

गोंदिया नगर परिषदेची निवडणूक जानेवारी २०१७ मध्ये झाली होती. पाच वर्षांची मुदत २०२२ च्या सुरुवातीला संपली. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनुसार मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक व्हायला हवी. परंतु इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि राज्यातील शेकडो नगर परिषदांप्रमाणे येथेही जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यभर मतदान झाले, काही ठिकाणी ते २० डिसेंबरला घ्यावे लागले, आणि २१ डिसेंबरला मतमोजणी झाली. गोंदिया व तिरोडा येथे नगराध्यक्ष आणि नगरसेवक पुन्हा खुर्चीवर आले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ सरळ आहे. प्रशासकाच्या काळात ठराव एका अधिकाऱ्याच्या सहीने होत असे. आता बाजार फी, गाळ्यांचे भाडे, रस्ता रुंदीकरण हे विषय सर्वसाधारण सभेसमोर येतात. सभेच्या आधी विषयपत्रिका निघते. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे ती मागा. विषय सभेपुढे जाण्याआधी मांडलेल्या एका अर्जाला जे वजन असते, ते ठराव झाल्यानंतरच्या दहा मोर्चांना नसते.

देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, गोरेगाव आणि सालेकसा येथील बांधवांचा प्रश्न थोडा निराळा आहे. तालुक्याची ही गावे २०१५ च्या सुमारास ग्रामपंचायतीतून नगर पंचायतीत गेली. पूर्वी सरपंचाकडे जाऊन दाखला मिळत असे, ग्रामसेवक ओळखीचा असे. आता मुख्याधिकारी, बांधकाम परवानगी, मालमत्ता कराची आकारणी अशी नवी व्यवस्था आहे. जुना ग्रामपंचायतीचा दाखला पेटीत ठेवून निर्धास्त बसलेल्या दुकानदाराने आपल्या जागेची नोंद नगर पंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत बरोबर आली आहे की नाही, हे एकदा पाहून घ्यावे.

घरपट्टी : बिल येण्याआधीची पायरी

१९९९ साली नगर परिषदांची जकात बंद झाली. नाक्यावरचा त्रास गेला, हे खरे. पण त्यानंतर नगर परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा मोठा भार मालमत्ता कर आणि गाळ्यांच्या भाड्यावर आला. म्हणून ही दोन्ही खाती व्यापाऱ्याने डोळ्यात तेल घालून पाहिली पाहिजेत.

१९६५ च्या नगर परिषद अधिनियमानुसार मालमत्तांचे फेरमूल्यांकन साधारणपणे चार वर्षांनी होते. कर्मचारी मोजमाप करतात, आकारणी यादी तयार होते, ती प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. हरकत आली तर सुनावणी होते. यादी कायम झाल्यानंतरच बिल निघते. आपले बहुतेक लोक बिल आल्यावर भांडायला जातात, म्हणजे निकाल लागल्यावर वकील शोधतात.

यादीत तीन गोष्टी तपासा. क्षेत्रफळ बरोबर मांडले आहे का? वापर कोणता लिहिला आहे? घराच्या पुढच्या एका खोलीत शिलाई मशीन किंवा किराणा असेल आणि संपूर्ण घर व्यावसायिक लिहिले गेले असेल, तर फरक मोठा पडतो. आणि तिसरे, मालक म्हणून नाव कोणाचे आहे? अनेक कुटुंबांत वडील जाऊन पंधरा वर्षे झाली तरी नाव त्यांचेच असते. अशा वेळी नोटीस मयताच्या नावाने निघते आणि वारसांना पत्ताच लागत नाही. भावांमध्ये वाटणी झाली असेल तर नोंदीत बदल करून घ्या. पुढे बँकेचे कर्ज घेतानाही हाच कागद मागितला जातो.

हरकत साध्या मराठीत लिहावी, एका पानात लिहावी, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. तोंडी सांगितलेली हरकत कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही.

गुजरी आणि हातठेले

भाजी, फळे, बांगड्या, कटलरी, जुने कपडे, चप्पलदुरुस्ती, गादी-रजई अशा व्यवसायांत आपल्या समाजाची संख्या मोठी आहे. यांच्यासाठी पथविक्रेता अधिनियम १ मे २०१४ पासून लागू आहे. दहा वर्षे उलटून गेली, तरी त्यातील कलमे माहीत असलेला ठेलेवाला विरळाच.

या कायद्यानुसार नगर परिषदेने दर पाच वर्षांत किमान एकदा पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे असते. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के विक्रेत्यांना सामावून घ्यावे, असे प्रमाण कायद्यात आहे. २०११ च्या जनगणनेत गोंदिया शहराची लोकसंख्या १,३२,८१३ होती. त्या हिशेबाने हा आकडा ३,३०० च्या वर जातो.

नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात. त्यांपैकी एक तृतीयांश महिला हव्यात, आणि अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व द्यावे, असे कायद्यातच लिहिले आहे. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. पण सर्वेक्षणाच्या यादीत नाव नसेल तर मतदानही नाही आणि उमेदवारीही नाही. सर्वेक्षणाच्या दिवशी ठेला बंद ठेवून लग्नाला गेलेला माणूस पाच वर्षे यादीबाहेर राहू शकतो. म्हणून सर्वेक्षणाच्या तारखा विचारून ठेवा आणि शेजारच्या विक्रेत्यालाही सांगा.

आणखी काही गोष्टी लक्षात असू द्या. जागा बदलायची किंवा हटवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नियमाप्रमाणे रक्कम भरून मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. पन्नास वर्षांहून अधिक काळ चालत आलेल्या नैसर्गिक बाजाराला वारसा बाजाराचा दर्जा देऊन तेथील विक्रेत्यांना न हलवण्याची तरतूदही कायद्यात आहे. ज्या गुजरीत आजोबा बसत होते तेथे नातू बसत असेल, तर बाजार वसुलीच्या जुन्या पावत्या रद्दीत घालू नका. त्या पावत्या म्हणजे पुरावा आहेत.

यादीत नाव असण्याचा दुसरा फायदा कर्जाचा. जून २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री स्वनिधी योजनेत पहिला हप्ता १०,००० रुपयांचा होता. ऑगस्ट २०२५ मधील बदलानंतर तो १५,००० झाला असून दुसरा २५,००० व तिसरा ५०,००० रुपयांचा आहे. योजनेची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनाही विक्री प्रमाणपत्राचा उपयोग जागेच्या संरक्षणासाठी आहेच.

आगीचा कागद

२१ डिसेंबर २०१६ च्या पहाटे गोंदियातील एका हॉटेलला आग लागली आणि सात जणांचा जीव गेला. शहर ती पहाट विसरलेले नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली येणाऱ्या इमारतींच्या मालकांनी किंवा भोगवटादारांनी वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र द्यायचे असते. लॉज, मंगल कार्यालय, गोदाम किंवा मोठ्या दुकानाच्या मालकाने हे काम कागदापुरते करू नये. जिन्याखाली फोम, कापूस, थिनर रचून ठेवणाऱ्या छोट्या कारखानदारानेही विचार करावा. ही नोटीस दंडासाठी नाही, कामावरच्या पोरांच्या जिवासाठी आहे.

कोणते काम कोणाकडे?

अनेकांचा वेळ चुकीच्या खिडकीपुढे जातो. दुकानाची गुमास्ता नोंद हा कामगार विभागाचा विषय आहे. २०१७ च्या कायद्यात २०२५ मध्ये झालेल्या बदलानंतर वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरते. उद्यम नोंदणी केंद्र सरकारची असून ती विनामूल्य आहे, त्यासाठी दलालाला पैसे देऊ नका. घरपट्टी, गाळे, बाजार फी, बांधकाम परवानगी आणि पथविक्रेत्यांचे प्रमाणपत्र ही कामे नगर परिषदेची. ठराव किंवा यादीची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपये शुल्कात करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

मोहल्ल्यात एवढे करता येईल

गोंदियाच्या बाजारात बोलणे हिंदीत चालते, आपल्या कित्येक कारागिरांना अक्षरओळख आहे ती उर्दूची, आणि नोटीस निघते मराठीत. खरी अडचण येथे आहे. पण घरात शाळेत जाणारी मुले-मुली मराठी शिकत आहेत. प्रत्येक बाजारातील दुकानदारांनी दोन तरुणांवर जबाबदारी टाकावी. आठवड्यातून एकदा नगर परिषदेचा सूचना फलक पाहायचा, नोटिशीचा फोटो घ्यायचा आणि तिचा मतलब व शेवटची तारीख सोप्या भाषेत सर्वांना कळवायची. जुम्याच्या नमाजनंतर लोक जमतातच. तेथे पाच मिनिटांत सांगून होईल. शेजारच्या हिंदू दुकानदारालाही तीच तारीख सांगावी, कारण घरपट्टी आणि गटार दोघांचे एकच असते.

गाळ्याचा करार, घरपट्टीच्या पावत्या, बाजार वसुलीच्या पावत्या, विक्री प्रमाणपत्र आणि शिक्का मारलेल्या अर्जांच्या प्रती, एवढे कागद एका फाइलीत ठेवा आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या बायकांना व मोठ्या मुलाला सांगून ठेवा. दुकानाचा गल्ला आपण रोज रात्री मोजतो. महिन्यातून एक दिवस ही फाइलही उघडावी.