गिटके गिटमध्ये आलं तेव्हा

गिटमध्ये बटणं दाबून कमिट करणारा म्हणजे कच्चा लिंबू, असं मानायची पद्धत आपल्या आयटी ऑफिसांत आहे. मला ती मुळीच पटत नाही. गिटच्या जन्मकाळातच तिला उत्तर आहे.

२००५ सालापर्यंत लिनक्स कर्नलचं काम बिटकीपर या कोडचे बदल सांभाळणाऱ्या प्रणालीवर चाले. प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी तिच्या सर्व्हरशी बोलणारं वेगळं साधन लिहायला घेतलं, वाद पेटला आणि बिटकीपरचा फुकट परवाना बंद झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनबेराच्या लिनक्स परिषदेत ट्रिजेल यांनी आपली पद्धत उलगडून दाखवली. टेलनेटने सर्व्हरला जोडायचं आणि ‘हेल्प’ टाइप करायचं, की आज्ञांची यादी सर्व्हरच देतो!

तोवर लिनस टोरवाल्ड्स यांचं गिट उभं राहिलं होतं. ७ एप्रिलला त्याचा कोड त्याच्यातच जमा झाला. पण ते गिट म्हणजे सुट्या आज्ञांचा संच. ट्री लिहा, कमिट बनवा, सगळं एकेक करून. मग कर्नलवरच काम करणाऱ्या पॉल मॅकेरास यांनी टीसीएल-टीकेमध्ये ‘गिटके’ लिहिलं. फांद्या कुठे फुटल्या, कुठे जुळल्या, हे रंगीत रेघांत दिसू लागलं.

जूनमध्ये टोरवाल्ड्स यांनी गिटके गिटमध्येच घेतलं, तेही फाइली कॉपी करून नव्हे, तर त्याच्या सगळ्या इतिहासासकट. दोन्ही प्रकल्पांना सामाईक पूर्वज नव्हता, त्यामुळे नेहमीच्या मर्जने भागणार नव्हतं. मूळच्या सुट्या आज्ञा वापरून त्यांनी हा मर्ज हाताने जुळवला आणि इतका भारी मर्ज आजवर झाला नाही, असं मेलिंग लिस्टवर आनंदाने कळवलं. चित्रं दाखवणारं साधन कमांड लाइनच्या जोरावर घरात आलं. तो दोन मुळांचा इतिहास न्याहाळायला आजही गिटकेच सोयीचं.

माझ्या कामाची वाटणी त्याच धर्तीची आहे. फांद्यांचा गुंता पाहायचा, बदलांतल्या मोजक्याच ओळी निवडून कमिट करायच्या, तर खिडकी. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर काम करायचं, बायसेक्टने बिघाड आणणारा कमिट हुडकायचा, तर टर्मिनल. रीबेस फसला की रेफलॉगही मी तिथेच उघडतो.

नव्या मुलांना गिट शिकवणाऱ्यांनो, पहिल्याच दिवशी टर्मिनलशेजारी गिटकेही उघडून ठेवा.