म्हातारीचा भोपळा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने हातात करवत धरू नये, असा काही नियम नाही. पण तो असता, तर आमच्या घरच्यांनी ठळक अक्षरांत भिंतीवर लावला असता. भिंतीत खिळा ठोकायचा झाला, तरी आमच्याकडे शेजाऱ्यांना हाक मारण्याची प्रथा आहे. असा मी, २०२४ च्या उन्हाळ्यात, एका चिमुकल्या मालट्रकवर ठेवायची राहती खोली स्वतःच्या हातांनी बांधून बसलो. ती कशी बांधली आणि कुणी बांधून घेतली, याची ही हकीगत.

निमित्त आईचे. तिचे माहेर पळसदेवच्या बाजूचे. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि काठची गावे पाण्याखाली गेली. वस्ती उठून हमरस्त्याकडे आली, माणसे पांगली. आईच्या घराचा ओटा आणि अंगणातली चिंच तेवढी खाली राहिली. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फारच ओसरले, की पळसनाथाचे जुने देऊळ वर येते. २०२४ साली ते आले. वर्तमानपत्रातले त्याचे छायाचित्र आईने चष्मा पुसून दोनदा पाहिले आणि म्हणाली, "मला एकदा तिथं घेऊन चल."

"त्यात काय, रविवारी सकाळी मोटारीनं निघू. संध्याकाळी परत."

"माहेरी कुणी संध्याकाळी परतायला जातं का रे? एक रात्र राहायचं."

आई तेव्हा ७६ वर्षांची. गुडघे दुखरे, रात्रीतून तीनदा उठावे लागते, उंच कमोडशिवाय चालत नाही. रस्त्यावरच्या एखाद्या लॉजमध्ये उतरू, असे मी सुचवून पाहिले. तिने नुसते माझ्याकडे पाहिले. लॉज हे माहेर नव्हे, एवढे मराठीच्या प्राध्यापकाला कळायला हवे होते.

हत्ती मिळाला, अंबारीचे काय?

हडपसरला माझ्या बहिणीचे धान्याचे दुकान आहे. भाच्याकडे मालाची ने-आण करायला टाटाची 'एस' गाडी आहे; २००५ साली बाजारात आलेली आणि तेव्हापासून गल्लोगल्ली 'छोटा हत्ती' म्हणून ओळखली जाणारी. हौदा सुमारे सात फूट लांब आणि पावणेपाच फूट रुंद. एका माणसाला पाय पसरून झोपायला अगदी बेताचा. भाचा म्हणाला, "मामा, शनिवार-रविवार गाडी तुमची. पण सोमवारी सकाळी मला हौदा रिकामा पाहिजे."

या एका वाक्याने पुढचा सगळा आराखडा ठरला. खोली गाडीला जखडायची नाही. पेटीसारखी ठेवायची आणि उतरवायची. कायद्याच्या दृष्टीनेही हेच बरे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीचे मूळ रूप मनाला येईल तसे बदलता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ साली तेच बजावले आहे. शिवाय मालाच्या हौद्यात माणसे बसवायची नसतात. म्हणजे प्रवासात पेटी रिकामी. भाचा गाडी चालवणार आणि शेजारच्या एकुलत्या एक जागेवर आई बसणार.

"आणि तुम्ही हो?" सौ.ने विचारले.

"मी मागून एस.टी.ने."

"छान! घर बांधणाऱ्यालाच घरात जागा नाही!"

वजनाचे व्याकरण

पहिला आराखडा ओळखीच्या सुताराने करून दिला. १२ मिलिमीटरचे प्लायवूड, आत लाकडी चौकट, वर सनमायका. दिसायला झकास! मी हिशेब मांडला. प्लायवूडचा आठ बाय चारचा तक्ता भरतो २२-२३ किलो. भिंती, छप्पर आणि तळ मिळून असे सहा तक्ते. त्यावर चौकट, दार, बिजागऱ्या, खाट. दोनशे किलोंच्या पुढेच गेले. छोटा हत्ती सुमारे पाऊण टन माल वाहतो, तेव्हा त्याला हे ओझे जड नव्हे. प्रश्न उचलणाऱ्यांचा होता. शनिवारी चढवून रविवारी रात्री उतरवणार कोण? दुसरी गोष्ट, गाडी अरुंद. उंच पेटीचे वजन वरच्या बाजूला गेले, तर वळणावर आणि आडव्या वाऱ्यात गाडी झुलणार. म्हणून मी मर्यादा घालून घेतली : रिकामी पेटी शंभर किलोंच्या आत. चौघांनी धरली, तर माणशी पंचवीस किलो. म्हणजे धान्याच्या अर्ध्या पोत्याएवढे.

विद्यार्थ्यांच्या निबंधांतली विशेषणे खोडण्यात माझी वीस वर्षे गेली. आता तीच लाल शाई स्वतःच्या आराखड्यावर चालवली. सनमायका खोडला, कपाट खोडले, लाकडी चौकट खोडली. मग भिंत उभी कशावर राहणार?

उत्तर आपल्या शेतात उभे असते. ज्वारीचे ताट मोडून पाहा. वरची साल चिवट, आत हलके भेंड. सालीत ताकद आहे पण ती एकटी वाकते. भेंडात ताकद नाही, पण ते दोन्हीकडच्या साली एकमेकींपासून दूर धरून ठेवते. दोघांची जोडी जमली, की दीड पुरुष उंच ताट वाऱ्यात उभे राहते. दुसऱ्या महायुद्धातले 'मॉस्किटो' हे ब्रिटिश विमान याच तत्त्वावर बांधलेले होते : दोन्हीकडे पातळ प्लायवूड आणि मध्ये हलके बाल्सा लाकूड. आमच्या पेटीत भेंड म्हणून आला दोन इंच जाडीचा घट्ट फोम. इमारतींच्या गच्चीवर उष्णता अडवायला घालतात तो. आठ बाय चारच्या मापाला तो जेमतेम पाच किलो भरतो. आणि साल? परदेशातले हौशी लोक या फोमवर जाड सुती कापड गोंदाने चिकटवतात आणि वरून रंगाचे हात देतात, असे माझ्या वाचनात आले होते. आपल्याकडे त्याला मांजरपाट हजर आहे.

पहिला घाव आणि पहिली अद्दल

वाचकहो, येथे माझ्या विद्वत्तेने पहिली गटांगळी खाल्ली. दुकानातून मी चपला-सोल चिकटवायचा उग्र वासाचा सोल्यूशनचा डबा आणला आणि फोमवर भरपूर फासला. पाच मिनिटांत फोमला मधाच्या पोळ्यासारखी भोके पडू लागली. असल्या चिकटद्रव्यांतला द्राव या जातीचा फोम अक्षरशः विरघळवतो. एक तक्ता गेला. या कामाला पाण्यात मिसळणारा, सुतारकामाचा पांढरा गोंदच हवा, आणि तोही ओल सोसणारा.

दुसरी गटांगळी खाणार, तेवढ्यात आई खुर्चीवरून म्हणाली, "कोरं मांजरपाट लावतोयस? आधी धुऊन घे. खळ जाऊ दे. नाहीतर आटेल आणि तुझ्या भिंती ओढून वाकड्या करील."

कापड धुतले. खरेच बोटबोट आटले.

मग गोंद. मी ब्रशाने लावू लागलो, तर कुठे डबके, कुठे कोरडे. आईने पाहवेनासे होऊन खुर्ची पुढे ओढली, पदर खोचला आणि गोंदात सरळ हात बुडवला. पंजा पंख्यासारखा फिरू लागला. एकात एक गुंतलेली अर्धवर्तुळे उमटू लागली. ती सारवत होती! फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून तिला सारवायला जमीन मिळाली नव्हती. कापड त्यावर पसरून मधून कडेकडे हवा काढत नेणे, कोपऱ्यांना दुमड घालणे, हे तिने सौ.ला शिकवले. मी फक्त कापायचे काम केले. पार्किंगमध्ये सहा रविवार हे चालले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी आधी नोटीस लावली आणि चौथ्या रविवारी स्वतःच कापडाचे टोक धरायला आले.

तळाला मात्र प्लायवूडच घातले, कारण तिथे माणसाचा पाय पडतो. फोमच्या कडांना लाकडी पट्ट्या, समोरची वरची कड वाऱ्यासाठी तिरकी, समोरासमोर दोन खिडक्या आणि छपराजवळ झरोके. बंद पेटीत माणसाच्या श्वासाने भिंतींना घाम सुटतो, म्हणून हवा खेळती हवी. उन्हासाठी वरून पांढरा रंग. आत सव्वादोन फूट रुंदीची खाट, पडद्याआड घडीची कमोडची खुर्ची, उठताना धरायला दांडा. फाळका पाडून चढायला तीन पायऱ्यांचे स्टूल. हौद्याच्या चार कड्यांना चार पट्टे आवळले, की पेटी जागची हलत नाही. एक नियम मी दारावरच लिहिला : आत शेगडी, दिवा, उदबत्ती काही नाही. हा फोम पेटला, तर विषारी धूर करतो.

दुकानातल्या मोठ्या काट्यावर पेटी ठेवली. काटा ९७ वर थांबला. भाचा ओरडला, "आजी, तुझा भोपळा तयार!" लेकीकडून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आईने त्याला लहानपणी शंभरदा सांगितलेली होती. मनात म्हटले, तो भोपळा तरी काय, हलकी, पोकळ, टणक सालीची फिरती खोलीच की!

मुक्काम

मे महिन्यातल्या एका शनिवारी ती दोघे हडपसरहून निघाली आणि मी एस.टी.ने मागोमाग गेलो. धरणाच्या उघड्या पडलेल्या तळावर गाडी न्यायची नाही, हे ठरलेले होते; वरून सुकलेला गाळ आत चाक ओढून घेतो. काठाच्या एका शेतकऱ्याने बांधाशेजारची कठीण जागा दिली.

ऊन उतरल्यावर आई पेटीच्या दारात पाय सोडून बसली. समोर मैलभर भेगाळलेली माती, त्यापलीकडे देऊळ, मागे उरलेले पाणी. ती बोट दाखवत होती : "ती वेस. तिथून उजवीकडं आमची गल्ली. तिथं कुठंतरी चिंच." मला फक्त गाळ दिसत होता. दिवेलागणीला तिने निरांजन काढले, दारावरची पाटी वाचली आणि काही न बोलता खाली उतरून दगडावर, देवळाकडे तोंड करून ते ठेवले.

रात्री भाचा गाडीच्या केबिनमध्ये आणि मी बाहेर चटईवर. दोनदा कमोडच्या खुर्चीचा आवाज आला, तिसऱ्यांदा नाही. सकाळी तिला उठवायला मला दार वाजवावे लागले. असे गेल्या काही वर्षांत कधी झाले नव्हते.

निघताना शेतकऱ्याची बायको ज्वारीचे पीठ आणि वांगी घेऊन आली. आई नको म्हणू लागली. ती बाई म्हणाली, "माहेराहून लेक रिकामी जाती व्हय?" आईने ओंजळ पुढे केली. मग बराच वेळ तिने पदर डोळ्यांना लावून ठेवला.

घरी आल्यावर मी विचारले, "काय गं, जमलं का घर?"

"जमलं," ती म्हणाली. "पण खिडकी खाली घे. पडल्या पडल्या पाणी दिसलं पाहिजे."

देऊळ पुन्हा कधी वर येईल, ते पावसाच्या हाती. खिडकी मी चार इंच खाली घेतली आहे.