आठवण कुणी ठेवायची? (वेबची घडण : भाग ६)

दोह्यातल्या एका कार्यालयासाठी आम्ही कर्मचारी नोंदणीचा फॉर्म केला होता. चार टप्पे, अरबी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत. वापर सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार आली. दुपारच्या नमाजासाठी माणूस अर्धा फॉर्म भरून उठतो, वजू, नमाज, जेवण उरकून परत येतो, ‘पुढे’ दाबतो आणि भरलेलं सगळं जातं. टॉमकॅट सर्व्हरचं सेशन, आपण काही बदललं नाही तर, ३० मिनिटं वापराविना राहिल्यास संपतं. चूक आमचीच होती. पाच वेळच्या नमाजाच्या गावात आम्ही हे आधीच विचारायला हवं होतं.

एचटीटीपीला आठवण नसते, हे गेल्या भागात पाहिलं. मग आठवण ठेवायची कुणी? फ्रेमवर्कची दोन घराणी इथूनच वेगळी होतात.

अ‍ॅक्शनवाल्या घराण्यात पत्त्याला नेमून दिलेलं एक काम असतं. विनंती आली, काम झालं, पान परत गेलं, सर्व्हर मोकळा. जावामध्ये ही पद्धत रुळली ती क्रेग मॅकक्लॅनहन यांच्या स्ट्रट्समुळे, २००० च्या सुमारास. पुढे स्प्रिंग एमव्हीसी आलं. कॉम्पोनंटवाल्या घराण्यात पान म्हणजे सर्व्हरवर जपलेलं सुट्या भागांचं झाड. मजकुराची चौकट, तक्ता, कॅलेंडर, प्रत्येकाला स्वतःची किंमत आठवते. २००४ मध्ये आलेलं जेएसएफ हे त्याचं ठळक उदाहरण, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीचं प्रमाण ठरवण्यातही मॅकक्लॅनहन पुढे होते. म्हणून ‘जुनं विरुद्ध नवं’ असा हा वाद मला कधीच पटला नाही.

कॉम्पोनंटचं मोल मला कतारी ओळखपत्राच्या रकान्याने शिकवलं. क्रमांक ११ अंकी. पहिला अंक जन्माचं शतक सांगतो, पुढचे दोन जन्मवर्ष, त्यापुढचे तीन देश; आपल्या भारतीयांचा ३५६. अरबी पानात सगळी मांडणी उजवीकडून डावीकडे, पण क्रमांक मात्र डावीकडूनच वाचायचा. लेबल उजवीकडे सरकतं, चुकीचा संदेशही त्याच्या बाजूला यायला हवा, कॅलेंडरचे बाण उलटतात. ही सगळी गुंतागुंत आम्ही एकदाच, एका कॉम्पोनंटमध्ये बांधली आणि प्रत्येक फॉर्ममध्ये तोच बसवला. स्ट्रट्समध्ये स्वतःचे टॅग लिहून असं काही करता येतं, पण तपासणी एकीकडे, मांडणी दुसरीकडे, हे मी पूर्वी सोसलेलं आहे.

पण त्याची किंमत सर्व्हरच्या स्मृतीत मोजावी लागते. जेएसएफच्या प्रचलित अंमलबजावणीत एका सेशनमागे मूळ मर्यादा १५ पानांची. त्यापलीकडे टॅब उघडत गेलात की सर्वांत जुनं पान विसरलं जातं. सेशन संपलं की सगळीच झाडं जातात. आणि झाडच सापडलं नाही तर आलेल्या किमती कुणाच्या पदरात घालायच्या हे सर्व्हरला कळत नाही. आमच्या तक्रारीमागे नेमकं हेच होतं. शिवाय सुरुवातीच्या जेएसएफमध्ये पत्त्याची पट्टी एक पान मागे राहायची, त्यामुळे दुवा कुणाला पाठवायची सोय नव्हती. २००९ च्या २.० आवृत्तीने त्यात बरीच सुधारणा केली. झाड ब्राउझरकडे पाठवून ठेवण्याचा पर्यायही आहे, पण मग ते गाठोडं प्रत्येक फेरीत ये-जा करतं.

आम्ही फॉर्म जेएसएफमध्येच ठेवला. फक्त प्रत्येक रकाना सोडताच मसुदा डेटाबेसमध्ये जाऊ लागला, म्हणजे आठवण सेशनकडून काढून टिकाऊ जागी नेली. पुन्हा लॉगिन केलं की फॉर्म जिथे सोडला तिथेच उघडतो. ‘अर्जाची स्थिती’ हे पान मात्र स्प्रिंग एमव्हीसीमध्ये वेगळं केलं. ते पान लोक मोबाइलवर, दहा वेळा ताजं करून, मागे-पुढे जात बघतात. तिथे एक पत्ता, एक उत्तर एवढंच हवं. एका प्रकल्पात दोन घराणी नांदवण्यात मला कमीपणा वाटत नाही. टीम लहान असेल तर मात्र दोन्ही सांभाळणं जड जातं, तेव्हा जे पान जास्त वापरलं जाणार त्याच्या बाजूने कौल द्या.

रिअ‍ॅक्टने २०१३ पासून कॉम्पोनंटचं झाड ब्राउझरमध्ये नेलं. तिथे पान ताजं केलं की काय उरतं, हे पुढच्या आठवड्यात याच ओळखपत्राच्या रकान्यावर पाहू.