मैद्याविना मफिन, उकडीच्या बळावर

राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी, समोर आगरदांडा आणि मध्ये ये-जा करणारी फेरीबोट. श्रीवर्धन तालुक्यातल्या या गावात लाल भोपळ्याचे, गव्हाचा कणही नसलेले मफिन करायचे म्हटले, तर शहरातून महागडी पिठं मागवायची काहीच गरज नाही. रायगड हा भाताचा जिल्हा. तांदूळ, नाचणी, गूळ आणि भोपळा इथे घरोघरी असतात. मैद्याच्या जागी काय वापरायचं, हेही इथल्या बायकांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ते फक्त मफिनच्या साच्यात उतरवायचं.

आधी मैद्याचं काम समजून घेऊ. गव्हाच्या पिठात पाणी पडलं आणि ते मळलं, की त्यातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं एकमेकांत गुंतून लवचीक जाळं तयार होतं. तेच ग्लुटेन. खमिरातून किंवा सोड्यातून सुटणारा वायू या जाळ्यात अडकतो आणि पाव-केक फुगतो. सिलिअ‍ॅक आजार असलेल्यांना मात्र हेच प्रथिन बाधतं. ते पोटात गेलं, की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते आणि अन्नरस नीट शोषला जात नाही. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने गव्हाशी असलेला हा संबंध दाखवून दिला. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला आणि त्याच काळात सिलिअ‍ॅक असलेली मुलं सुधारली. 1950 साली डिकेने आपला प्रबंध मांडला. या आजारावर आजही खात्रीचा उपाय एकच, गहू, जव आणि राय कायमचे बंद.

तांदळात ग्लुटेन नाही, म्हणून त्याचं पीठ नुसतं कालवून भाजलं तर वडी भुसभुशीत होते, हात लावताच चुरा. पण मग मोदकाची पारी फाटत कशी नाही? तांदळाची भाकरी थापताना तुटत कशी नाही? उत्तर उकडीत आहे. उकळत्या पाण्यात पिठी पडली, की तिच्यातलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं आणि चिकट होतं. तोच चिकटपणा पीठ बांधून ठेवतो. परदेशी पाककृतींत यासाठी झँथन गमची पूड सांगतात. आपल्याकडे तेच काम उकड करते.

कोकणातलं धोंडस हा तर या मफिनचा थोरला भाऊच. जून काकडीचा किस, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरं एकत्र शिजवून घ्यायचं, मग तूप लावलेल्या पातेल्यात ओतून खाली मंद आच आणि झाकणावर निखारे. वरून-खालून मिळणारी ही ऊब म्हणजे ओव्हनच. किसाच्या पाण्यात रवा आधीच शिजलेला असल्यामुळे धोंडसाच्या वड्या सुबक पडतात.

आता मफिन. भोपळ्याच्या फोडी पाणी न घालता वाफवा आणि चाळणीत निथळू द्या. भोपळ्यात पाणीच फार. ते राहिलं तर मफिन आतून चिकट होतो. निथळलेलं पाणी टाकू नका. अर्धी वाटी भरेल एवढं घ्या, कमी पडलं तर साधं पाणी मिसळा, उकळी आणा आणि त्यात दोन मोठे चमचे तांदळाची पिठी घालून मऊ उकड काढा. एक वाटी भोपळ्याचा गर गरम असतानाच पाऊण वाटी चिरलेला गूळ त्यात विरघळवा. गार झाल्यावर उकड, दोन अंडी, पाव वाटी दही आणि पाऊण वाटीपेक्षा थोडं कमी तेल घालून गुठळ्या मोडेपर्यंत फेटा. दीड वाटी तांदळाची पिठी, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, वेलची, जायफळ आणि चिमूटभर मीठ मिसळून अर्धा तास झाकून ठेवा. तांदळाचा कण पाणी सावकाश ओढतो. ही विश्रांती दिली नाही, तर खाताना दाताखाली कचकच लागते.

दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा सोडा मात्र अगदी शेवटी. आधी घातले तर वायू भांड्यातच निघून जातो. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं सरसरीत असावं, घट्ट वाटलं तर चमचाभर दूध. तूप लावलेल्या वाट्या पाऊण भरा आणि 180 अंशांवर 22 ते 25 मिनिटं भाजा. ओव्हन नसेल तर कुकरची शिटी आणि रबर काढून तळाशी मीठ पसरा, वर जाळी ठेवा, दहा मिनिटं तापवा आणि मग वाट्या आत ठेवून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास. सुरी कोरडी निघाली तरी लगेच मोडू नका. गरम असताना आतलं पिष्ट ओलसर असतं, निवल्यावर ते धरतं. दुसऱ्या दिवशी मफिन कडक झाले तर दोन मिनिटं वाफ द्या, पुन्हा मऊ होतात.

कृती एवढीच. खरी मेख गिरणीत आहे. ज्या जात्यावर गहू दळला, त्यावरच तांदूळ दळला तर पिठीत गहू उतरतोच. भारतीय नियमानुसार ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. गिरणीतली चिमूटभर धूळ ही मर्यादा सहज ओलांडते. म्हणून तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून घरच्या मिक्सरवर दळावा आणि वस्त्रगाळ करावा. नाचणीही निवडून तशीच. बाजारच्या हिंगात पुष्कळदा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा डबीवरची घटकांची यादी वाचावी. चाळणी आणि लाटणं वेगळं ठेवावं.

एक महत्त्वाची सूचना. पोट बिघडतं म्हणून आपल्या मनाने गहू बंद करू नका. सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच नीट निदान करते. आधीच सोडला तर आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. आधी डॉक्टर, मग पथ्य. ज्यांना गव्हाचा कोणताच त्रास नाही, त्यांना गहू सोडून काही विशेष लाभ होत नाही, पण भोपळा-नाचणीचा मफिन त्यांनीही चवीसाठी खायला हरकत नाही.

दिवाळीच्या फराळात सिलिअ‍ॅक असलेल्या पाहुण्याला उपाशी राहावं लागत नाही. अनारसे तांदळाचे, लाडू बेसनाचा, चिवडा पोह्यांचा. चकलीची भाजणी घरी दळलेली आणि गव्हाशिवाय असली की तीही चालते. मात्र ज्या तेलात शंकरपाळे तळले, त्यात त्यांची चकली तळू नका. कढईत तेल ताजं असताना पहिला घाणा त्यांचा काढा, शंकरपाळे आणि करंज्या मागाहून.