चाळीस टक्के आणि एक तांब्या

मानसशास्त्राच्या शिक्षणाचा समाजाला उपयोग काय, या प्रश्नाचे उत्तर बहुधा समुपदेशकाच्या शांत, पडदे लावलेल्या खोलीत शोधले जाते. परंतु सरकारी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राच्या ठरलेल्या वारी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाच्या, म्हणजे मानसिक क्षमता व विकार यांचे मापन करून औषधांविना उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या, दारापुढे जी रांग लागते, ती या पेशाचे अधिक खरे रूप दाखवते. त्या रांगेत एकच आकडा पुन्हा पुन्हा कानी पडतो : चाळीस. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६च्या कायद्यात आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे, आणि एसटीच्या भाड्यातील सवलतही याच आकड्यावर अडते.

अशा एका खोलीत शिरताच प्रथम ऐकू येतो तो लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज. तो ‘सेग्विन फॉर्म बोर्ड’चा असतो : दहा खाचांची पाटी आणि त्यांत बसणाऱ्या दहा लाकडी आकृत्या. मुलाने त्या तीनदा बसवायच्या आणि तिन्हींतील सर्वांत कमी वेळ नोंदवायचा, इतकीच ही चाचणी. एदुआर सेगाँ या फ्रेंच वैद्याने एकोणिसाव्या शतकात अशा पाट्या वापरल्या त्या मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या मुलांना शिकवण्यासाठी. शिकवण्याचे साधन पुढे मोजण्याचे झाले, आणि हा बदल वाटतो तितका निरुपद्रवी नाही.

त्यानंतर बुद्ध्यंकासाठी बिने-कामत कसोटी होते, जी व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात कन्नड व मराठी भाषक मुलांसाठी बेतली. निदान बुद्धी आणि वर्तन या दोहोंवरून होते. दिव्यांगत्वाची टक्केवारी मात्र, सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, वाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीवरून निघते. ए. जे. मालिन यांनी नागपुरात केलेल्या तिच्या भारतीय रूपात ८९ बाबी आहेत आणि त्यांची उत्तरे मुख्यतः पालकांकडून घेतली जातात. मूल स्वतः हात धुते का, बटणे लावते का, त्याच्यावर पैसे सोपवता येतात का, अशा उत्तरांवरून मुलाचे ‘सामाजिक वय’ ठरते. त्याला प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणले की सामाजिक गुणांक मिळतो.

या कामाचे सारे कसब येथेच पणाला लागते, कारण आईचे उत्तर ही सरळ वस्तुस्थिती नसते. काही पालक लाभाच्या आशेने मुलाची क्षमता कमी सांगतात, हा संशय सरकारी यंत्रणेला सदैव असतो. पण उलट प्रकारही घडतो, आणि तो अधिक जिव्हारी लागणारा आहे. दहा वर्षांच्या मुलाची आई अंघोळीच्या प्रश्नावर अभिमानाने सांगते, “करतो की मॅडम, सगळं करतो.” मॅडम, ज्यांच्या टेबलावर अजून पंधरा-वीस फायली पडलेल्या असतात, पेन खाली ठेवून विचारतात, “ताई, काल पाणी कुणी ओतलं?” आई मुलाकडे पाहते. “काल मीच. परवाही मीच.”

त्या एका ‘काल’चे मोल आकड्यांत मांडता येते. दहा वर्षांच्या, म्हणजे १२० महिन्यांच्या मुलाचे सामाजिक वय ८४ महिने निघाले, तर गुणांक ७० होतो आणि मार्गदर्शक सूचनांतील कोष्टक २५ टक्के देते. तेच वय ८२ महिने निघाले, तर गुणांक ६८वर येतो आणि ५० टक्के मिळतात. चाळीस या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे, पण तेथे कोणतेही मूल उभे नसते. दोन महिन्यांच्या फरकाने एक घर पात्र ठरते आणि दुसरे ठरत नाही. मोजमापाच्या या खडबडीतपणाचा दोष मोजणारीवर टाकता येत नाही. मात्र तिने घाईने विचारलेला प्रश्न कुटुंबाला वर्षानुवर्षे महागात पडू शकतो, आणि म्हणूनच घाई न करणे ही येथील मोठी समाजसेवा आहे.

अर्जावर सह्या होतात, फाईल वैद्यकीय मंडळाकडे जाते. दारातून मुलाचे वडील विचारतात, “चाळीसच्या वर बसेल ना?” त्यावर मॅडम कधीही हो म्हणत नाहीत. त्याऐवजी त्या आईला परत बसवून अंघोळीचे तुकडे पाडून सांगतात : आधी बाकीचे सारे आईने करावे आणि शेवटचा एकच तांब्या मुलाने ओतावा, तो जमला की शेवटचे दोन. कृती अशी उलट टोकाकडून शिकवण्याच्या पद्धतीला पश्च-साखळी म्हणतात. प्रमाणपत्राच्या नमुन्यात या दहा मिनिटांसाठी रकाना नाही. आईला मात्र एकच शंका असते : तांब्या पितळेचा चालेल का?

“नको, प्लॅस्टिकचा घ्या. हलका.”