परका कोण, हे कोणत्या कागदावर ठरावे?

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात १६६४ आणि १६७० हे दोन सन आधी उभे राहतात. आज मला त्याहून जुना एक सन सांगावयाचा आहे. १६१५ च्या सप्टेंबरात इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो तापीच्या मुखाजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला. जहांगीर बादशहाच्या दरबारी जावयाचे, जवळ आपल्या राजाचे पत्र. तेव्हा स्वागत इतमामाने होईल, अशी त्याची अपेक्षा. सुरतेच्या जकात अधिकाऱ्यांनी मात्र येणाऱ्या प्रत्येकाची अंगझडती घेण्याचा या बंदराचा रिवाज पुढे केला. रो संतापला, हटून बसला. त्याच्या पूर्वी आलेल्या इंग्रजांनीही स्वतःला राजाचे वकील म्हणवून घेतले होते. त्यामुळे ‘वकील’ हा शब्द कानी पडताच अंमलदार एकमेकांकडे पाहून हसले, असे त्याने स्वतःच रोजनिशीत नमूद केले आहे.

त्या अंमलदारांच्या मनात दोन प्रश्न होते. हा मनुष्य आत काय घेऊन येत आहे? आणि तो स्वतःला जो म्हणवितो तोच आहे कशावरून? पहिला प्रश्न सरहद्दीच्या रक्षणाचा आणि दुसरा माणसाच्या कायदेशीर दर्जाचा. जगातील कोणताही आप्रवासाचा कायदा घ्या, तो या दोन प्रश्नांच्या भोवतीच फिरत असतो. १ सप्टेंबर २०२५ पासून आपल्या देशात अमलात आलेला आप्रवास व परकीय नागरिक कायदा त्याला अपवाद नाही.

या कायद्याचे विधेयक ११ मार्च २०२५ रोजी लोकसभेत मांडले गेले. २७ मार्चला लोकसभेने आणि २ एप्रिलला राज्यसभेने ते संमत केले, आणि ४ एप्रिलला त्यावर राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याने चार जुने कायदे रद्द केले: १९२० चा पारपत्रविषयक, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा, १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि २००० चा वाहतूकदारांच्या जबाबदारीचा. यांतील पहिले तीन इंग्रजी अमदानीतले. एक पहिल्या महायुद्धानंतरचा, दुसरा दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावरचा, तिसरा ते युद्ध संपताच झालेला. परका म्हणजे शत्रूचा हेर असण्याचा संभव, ही त्या काळाची धास्ती त्यांच्या शब्दाशब्दांत होती.

नव्या कायद्याने सरहद्दीची बाजू चांगलीच कडक केली आहे. पारपत्र किंवा व्हिसा यांवाचून देशात शिरणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. बनावट पारपत्र वापरणाऱ्यास कमीत कमी दोन व अधिकात अधिक सात वर्षे कैद आणि वर एक ते दहा लाख दंड. मुदत संपूनही मुक्काम करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद. विद्यापीठे, रुग्णालये आणि शुश्रूषागृहे यांनी आपल्याकडील परकीयांची खबर द्यावयाची. हेड कॉन्स्टेबल वा त्यावरील दर्जाचा पोलीस वॉरंटावाचून अटक करू शकतो.

या कडकपणाला कारण नाही असे कोणी म्हणू नये. बांगलादेशाशी आपली सरहद्द ४,०९६ किलोमीटरांची आहे. तिच्यातील कितीतरी भाग नद्यांचा आणि पुरात जागा बदलणाऱ्या बेटांचा असल्याने तेथे कुंपण उभे राहत नाही. बनावट ओळखपत्रे करून देणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या आपण नित्य वाचतो. आपल्या दारातून कोण आत येतो हे पाहण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे.

दर्जाच्या बाजूला काय आहे, ते आता पाहू. कायदा अमलात आला त्याच दिवशी सरकारने सवलतीचा एक आदेश काढला. अफगाणिस्तान, बांगलादेश व पाकिस्तान येथून धार्मिक छळामुळे वा त्याच्या भीतीने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना कागदपत्रे नसली तरी शिक्षा होणार नाही, असे तो सांगतो. नेपाळ, भूतान येथील नागरिक, नोंद झालेले तिबेटी आणि ९ जानेवारी २०१५ पर्यंत आसरा घेतलेले नोंदणीकृत श्रीलंकन तमिळ यांनाही त्यात स्थान आहे. मात्र शिक्षेतून सूट मिळणे आणि दर्जा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ च्या नागरिकत्वविषयक दुरुस्तीने खुला केलेला जवळचा मार्ग ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांपुरताच आहे. मधल्या दहा वर्षांत जे आले ते तुरुंगात जाणार नाहीत, पण त्या मार्गाने नागरिकही होणार नाहीत. तीन देशांतून आलेल्या मुसलमानांचे नाव या यादीत नाही, हा वाद तर सर्वांना ठाऊकच आहे.

अमेरिकेने १९८६ मध्ये दुसरी वाट धरली होती. सरहद्दीवर अधिक पहारा, बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकास दंड, आणि पूर्वीपासून राहत असलेल्या सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा, असा तो सौदा होता. २०१३ मध्ये तसाच सौदा तेथील सिनेटने ६८ विरुद्ध ३२ मतांनी मान्य केला, पण कनिष्ठ सभागृहाने तो विचारातही घेतला नाही. असो.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो निराळाच मुद्दा. जो खरोखर परका आहे त्याचे काय करावयाचे, हे कायदा सांगतो. पण जो परका नाहीच, आणि ज्याच्यावर परका असल्याचा केवळ संशय आहे, त्याने काय करावे? १९४६ च्या कायद्याच्या नवव्या कलमाने, आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच टाकला होता. नव्या कायद्यानेही तो तसाच ठेवला आहे. चोराच्या खटल्यात चोरी सरकार सिद्ध करते. येथे मात्र पुराव्याचा बोजा उलटा आहे.

हा बोजा किती जड आहे हे सुरतेसारख्या शहरात कळते. २०११ च्या जनगणनेत सुमारे ४५ लाख वस्तीचे हे शहर बाहेरून आलेल्यांच्या श्रमावर चालते. यंत्रमागांवर गंजामचे ओडिया, जरी-भरतकामावर व दागिन्यांवर बंगालचे कारागीर, आणि उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आपले खानदेशी लोक. पहलगामच्या हल्ल्यानंतर चार दिवसांनी, २६ एप्रिल २०२५ च्या पहाटे, अहमदाबाद व सुरत येथे पोलिसांनी वस्त्या घेरल्या. सुरतेत शंभराहून अधिक लोकांना बांगलादेशी म्हणून ताब्यात घेतले गेले. त्याच आठवड्यात राज्याच्या पोलीस महासंचालकांनी आकडे सांगितले: राज्यभर संशयावरून ताब्यात घेतलेले सुमारे ६,५००, आणि कागदपत्रांवरून बांगलादेशी ठरलेले तोवर ४५०. तपास अपुरा होता हे मान्य. तरीही या दोन आकड्यांमधले अंतर विचार करावयास लावणारे आहे. बंगाली ही ढाक्याची भाषा आहे तशीच मुर्शिदाबादचीही आहे. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सरहद्दीपलीकडे ढकलले गेले आणि ते भारतीय असल्याचे त्यांच्या राज्याने दाखवून दिल्यावर त्यांना परत आणावे लागले.

मग अशा माणसाने दाखवावे तरी काय? १९५५ चा नागरिकत्व कायदा सांगतो की २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेला मनुष्य जन्मानेच नागरिक. त्यानंतर २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी नागरिक हवा. त्यापुढे जन्मलेल्याचे दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे वयाने जितका लहान, तितके अधिक माणसांचे कागद त्याने जमवावयाचे! आणि जवळ असतात ती आधारपत्र, पॅनकार्ड व मतदार ओळखपत्र. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्याच्या एका प्रकरणात स्पष्ट केले की केवळ ही पत्रे असल्याने कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आधारचा कायदा स्वतःच तसे म्हणतो.

येथे सुरतेच्याच लोकांचा एक जुना अनुभव आठवतो. सुरत, रांदेर, कठोर या बाजूची पुष्कळ माणसे व्यापारासाठी दक्षिण आफ्रिकेत गेली होती. १९०६ साली ट्रान्सवालच्या सरकारने ठरविले की आठ वर्षांवरील प्रत्येक आशियाई माणसाने बोटांचे ठसे देऊन नोंदणी करावी आणि पोलीस मागेल तेथे दाखला दाखवावा. ११ सप्टेंबरला जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा आरंभ झाला. १६ ऑगस्ट १९०८ रोजी तेथील मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक दाखल्यांची होळी झाली. हे सारे आपण शाळेत शिकलो. शेवट मात्र फारसा सांगितला जात नाही. १९१४ च्या समेटाच्या कायद्यात असे कलम आले की नाताळ सरकारने दिलेला आणि धारकाच्या अंगठ्याचा ठसा असलेला रहिवासाचा दाखला, धारकाची ओळख पटताच, त्याच्या प्रवेशाच्या हक्काचा निर्णायक पुरावा मानावा. ‘निर्णायक’ हा शब्द त्यात मोलाचा. दाखला दाखविला, अंगठा जुळला, की अंमलदाराचा प्रश्न संपला.

आपल्या नव्या कायद्यात नेमकी हीच जागा रिकामी आहे. कागद नसल्याची शिक्षा त्यात आकड्यांनिशी आहे. कोणता कागद दाखविला की संशय मिटावा, हे त्यात नाही. नागरिकत्व कायद्यात २००३ च्या दुरुस्तीने, प्रत्येक नागरिकाची नोंद करून त्याला राष्ट्रीय ओळखपत्र देण्याची तरतूद घातली गेली, पण ते पत्र देशभर कधी निघालेच नाही. ते काढणे सोपे आहे असे मी म्हणत नाही. आसामात नोंदवही केली तेव्हा ३१ ऑगस्ट २०१९ च्या यादीतून १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली आणि त्यांतील कित्येकांची तक्रार एवढीच होती की आजोबांच्या नावाचे स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचे आहे. मराठी नाव गुजराती कारकुनाच्या लेखणीतून इंग्रजीत उतरले की त्याचे काय होते, हे सुरतेच्या मराठी कुटुंबांना सांगावयास नको.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसामच्याच एका खटल्यात थोडा दिलासा दिला. भार माणसावर असला तरी संशयाला काही आधार हवा, तो आधार त्याला कळवावयास हवा, आणि स्पेलिंगच्या किरकोळ फरकावरून त्याला परका ठरवू नये, असे न्यायमूर्तींनी म्हटले. हा निर्णय जुन्या कलमावरचा आहे. नव्या कायद्याच्या नियमांत तेच तत्त्व शब्दांनी यावे, एवढी अपेक्षा संसदेकडून आणि गृहखात्याकडून करता येईल.

तोवर उरतो तो जन्माचा दाखला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बालकांच्या बाबतीत जन्मतारीख व जन्मस्थान यांसाठी तोच एक ग्राह्य धरावा असे कायदा म्हणतो. त्याआधीच्या पिढीपैकी अनेकांचे जन्म घरी झाले आणि नोंदलेच गेले नाहीत. ती नोंद आता करावयाची तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि ती जेथे जन्म झाला तेथेच होते. सुरतेच्या महापालिकेला तो अधिकार नाही. ज्या मुगलसराईत या नगराच्या पालिकेने दीर्घकाळ कचेरी थाटली, ती १६४४ साली हजच्या यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. पण लिंबायतमधल्या मागवाल्याचे काम तेथे होत नाही. त्याला रोजंदारी बुडवून उधन्याहून भुसावळकडे जाणारी गाडी धरावी लागते आणि नंदुरबार किंवा अमळनेर येथे उतरून तहसील कचेरीच्या पायरीवर, आपल्या जन्माची आठवण असलेल्या एखाद्या वृद्धाला बरोबर घेऊन, बसावे लागते.