रुळांलगतचे वाफे

हिंगोलीत घरामागे परस असला की मोरीच्या पाण्यावर अळू, कढीपत्ता निघतो. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. कारखान्यांच्या शहरात ती मिळवावी लागली. इंग्लंडमध्ये 1908च्या कायद्याने मागणी असेल तिथे भाजीपाल्यासाठी तुकडे देणं स्थानिक परिषदांचं कर्तव्य ठरलं. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये अशा बागतुकड्यांची चळवळ 1860च्या दशकापासूनची. आपल्या मुंबईच्या गिरणगावात असलं काही झालं नाही. चाळीतल्या खोलीत माणसांनाच जागा पुरेना. बाग म्हणजे गॅलरीतल्या डब्यातली तुळस.

जमीन मिळाली ती रेल्वेवाल्यांना. दुसऱ्या महायुद्धाच्या टंचाईत सरकारने ‘अधिक धान्य पिकवा’ मोहीम काढली. पुढे त्याच नावाने रेल्वेने रुळांलगतच्या मोकळ्या पट्ट्या कर्मचाऱ्यांना नाममात्र भाड्याने कसायला दिल्या. पीक येतं आणि अतिक्रमणही टळतं, असा दुहेरी हिशेब. लोकलच्या खिडकीतून दिसणारे पालक, लाल माठ, भेंडीचे वाफे ते हेच. जमीन एकाच्या नावावर आणि कसणारा दुसराच, हा प्रकारही जुनाच. खरी अडचण पाण्याची: नाल्याच्या पाण्यातून आलेलं शिसं आणि कॅडमियम पानात शिरतं, ते धुऊन जात नाही.

त्यापेक्षा गच्ची बरी. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. या पद्धतीचं मूळ कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवार’ या शेतीप्रयोग करणाऱ्यांच्या गटात. घरी करून बघायचं असेल, तर आधी गच्चीची गळती तपासून घ्या.